आत्मचरित्रे पाठवू नयेत

हेमांगी खळदकरने ब्लॉगवर नियम टाकला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिच्या वडिलांना तिच्या घराचा उंबरठा ओलांडता येईना. नियम साधा होता: 'परीक्षणासाठी फक्त भयकथा स्वीकारल्या जातील. आत्मचरित्रे पाठवू नयेत.' तिलाही दोष देता येत नाही. माणूस निवृत्त झाला की आधी गुडघे दाखवून घेतो आणि मग आत्मचरित्र लिहायला बसतो, आणि ती सगळी बाडं हिच्याच पत्त्यावर येऊन पडत. वाचक तर खूश झाले.

बाबा सांगलीहून स्वतःचं बाड घेऊन आले ते नेमके नियम टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. दार सताड उघडं होतं. ते चालत होते, चपला वाजत होत्या, आणि ते पायपुसण्यावरच होते.

"आत या ना, बाबा."

"येतोय की गं," ते म्हणाले आणि चालत राहिले.

हेमांगीने नियम काढून टाकला. चहा उकळेपर्यंत तो परत आला होता, आधीपेक्षा ठळक अक्षरांत. तिसऱ्यांदा काढून झाल्यावर तिने जिन्यात खुर्ची टाकली आणि चहा बाहेर नेऊन दिला.

"मी बाड आहे तसंच वाचते, बाबा. परीक्षणही लिहिते. चला, खाली हॉटेलात बसू."

"लेकीच्या गावाला येऊन हॉटेलात बसू होय? आणि नियम म्हणजे नियम. तुला भयकथाच पाहिजे ना? तशी करून देतो." खळदकरांच्या घरात नाक आणि हट्ट दोन्ही पिढीजात आहेत. त्यांनी पेन काढलं.

पहिल्या प्रकरणात त्यांची शाळा होती. बक्षीस समारंभ खोडून त्यांनी लिहिलं, की वर्गातल्या कुणालाच सावली नव्हती. लगेच त्यांच्या पायाचा अंगठा उंबरठ्याच्या आत आला. "जमतंय की!" ते हरखून म्हणाले. हेमांगी आत आली आणि त्या अंगठ्याकडे बघत बसली.

दुपारी त्यांनी आपल्या आणि आईच्या लग्नाचं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. "शालन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ते तिने परत कधी वळवलं नाही." पाय गुडघ्यापर्यंत आत आला.

हेमांगीने सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आईचा अंबाडा दिसला.

"आई, इकडे बघ."

"बोल ना," आई भिंतीला म्हणाली. "जेवलीस का?"

हेमांगीने फोन उलटा ठेवला. बारा वर्षं भयकथा वाचून भीती आपल्याला ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. तसं काही नव्हतं. बाड हिसकावून घ्यायला ती दाराकडे धावली. ती पावलं टाकत होती आणि होती तिथेच होती.

"बाबा, आता कुणाचं प्रकरण?"

"तुझंच. शेवटचं."

तो प्रसंग तिला ऐकून ऐकून पाठ होता. बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. सहा वर्षांची हेमा त्यांच्यामागून टाकीवर चढली होती, झाकण उघडं होतं, आणि ती आत जाता जाता तिचा फ्रॉक बाबांच्या मुठीत आला होता. बाबांनी त्यावर नऊ पानं लिहिली होती. इतक्या प्रेमाने त्यांनी दुसरं काहीच लिहिलं नव्हतं.

"तेवढं राहू द्या. पाया पडते तुमच्या."

"एकच ओळ बदलायची आहे, हेमा. फ्रॉक हाताला लागला नाही, एवढंच."

"मग मी कुठे, बाबा?"

"घरातच की. मी येतोच आहे आत."

पेन कागदावर फिरलं. बाबा उठले आणि कुणीही येतं तसे सहज आत आले. सवयीने त्यांनी चपला कडेला काढून ठेवल्या. हेमांगी त्यांच्या अगदी समोर उभी होती. तिने हाक मारायला तोंड उघडलं.

"हेमा?" बाबांनी चारी बाजूंना पाहिलं. मग त्यांची नजर फरशीवर गेली. "अरेच्चा, एवढं पाणी कुठून आलं?"

ते गुडघ्यांवर बसले आणि गळती कुठे आहे ते शोधू लागले.