आईची सवलत

डायलिसिस केंद्रात त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. वयाने मोठ्या होत्याच, पण अंगानेही उंच, आणि आवाज असा की हॉलच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचा पेशंट हात सरळ करून बसायचा. निवृत्त होऊन घरी बसल्या होत्या. मग साथ आली. निम्म्या परिचारिका आजारी पडल्या आणि सरकारने भराभर नियम सैल केले. त्यातच एक सवलत अशी होती, की निवृत्त परिचारिकांनी जुन्या नोंदणीवर पुन्हा काम केलं तरी चालेल. आदेश निघाला त्याच आठवड्यात सिस्टर कामावर हजर झाल्या.

केंद्राच्या ऑफिसात त्यांची मुलगी होती. परवाने, नूतनीकरणं, तपासण्या, सगळं तिच्याकडे. साथीच्या दिवसांत तिच्या कामात सवलतींची भर पडली. दोन बेडमधलं अंतर कमी चालेल, डॉक्टरांनी फोनवरून देखरेख केली तरी चालेल, पाण्याची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून उशिरा आली तरी चालेल. एकेक आदेश वेगळ्या खात्याचा, प्रत्येकाची मुदत वेगळी. कुठे 'पुढील आदेशापर्यंत', कुठे 'साथ संपल्याचं जाहीर झाल्यापासून दोन महिने'. सवलत मिळाली की लोक खूश होऊन विसरून जातात. ती कधी संपते हे बघायला मात्र कुणाला वेळ नसतो. मुलगी ते बघायची. आणि तिची एक खोड होती. प्रत्येक सवलतीपुढे ती तारखेबरोबर माणसंही लिहायची. ही सवलत गेली तर नेमकं कोणाचं अडेल?

सिस्टर चहाला ऑफिसात डोकावल्या की विचारायच्या, "काय गं, आज कोण अत्यवस्थ?"

"बेडचं अंतर. महिनाअखेरपर्यंत काढेल."

"आणि पाणी?"

"पाणी ठणठणीत. कालच मुदत वाढली."

मायलेकींचं हे संभाषण ऐकून नवीन पेशंट शेजारच्याला हळूच विचारायचा, कोण अत्यवस्थ आहे?

साथ ओसरली आणि एका दुपारी डॉक्टर हातात मोबाईल नाचवतच ऑफिसात आले. "सुटलो! नवा एकत्रित आदेश आलाय. सगळ्या सवलतींना सहा महिने वाढ."

मुलीने आदेश उघडला. वाढ मिळालेल्या सवलतींचे क्रमांक खाली दिले होते. ते ती आपल्या माणसांशी जुळवू लागली. बेडच्या अंतरावर अडलेले कोपऱ्यातले दोघे पेशंट, ते यादीत होते. फोनवरच्या देखरेखीमुळे डॉक्टर, तेही होते. आईपाशी येऊन तिचं बोट थांबलं. निवृत्त परिचारिकांचा क्रमांक यादीत नव्हताच.

तिने आरोग्य खात्यात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "अहो मॅडम, सगळंच वाढलंय. बिनधास्त राहा."

"मग तसं लेखी द्याल का?"

"लेखी हवं तर मेल करा."

तिने मेल केला. उत्तर येईपर्यंत कुणाला काही बोलली नाही, आईला तर नाहीच. उत्तर दोन ओळींचं आलं. ती सवलत वाढवलेली नाही, महिनाअखेर ती संपुष्टात येईल.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सिस्टर भाजी निवडत होत्या. मुलगी समोर येऊन बसली. तिचा चेहरा बघून त्याच म्हणाल्या, "कोण गेलं?"

"तुझी सवलत. एक तारखेपासून तुला पेशंटला हात लावता येणार नाही."

सिस्टरांचे हात थांबले. "म्हणजे तीस तारखेला मला सुई टोचता येते, आणि एक तारखेला माझे हात वाकडे होतात?"

"हातांचा प्रश्न नाहीये, आई."

"मग कशाचा आहे?"

"तुझी नोंदणी जुनी आहे. सवलत होती म्हणून चालत होती."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"आधी तुला सांगायचं होतं."

सिस्टर भाजी तशीच टाकून उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पोटच्या मुलीनेच आपल्याला दार दाखवावं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. मुलीला ते कळत होतं, पण समजूत काढायला खोटं काही सांगणं तिला जमणार नव्हतं. म्हणून ती उरलेली भाजी निवडत बसली.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. माणूस वाईट नव्हता, पण साथीत पुरता पिचून गेला होता. "अहो, इतर केंद्रांनी सगळ्या निवृत्त सिस्टरांना ठेवून घेतलंय. कोण बघतं एवढं? फार तर असं करू, नोंद त्या नुकत्याच लागलेल्या नव्या सिस्टरच्या नावाने करू. काम मोठ्या सिस्टर करतील."

मुलगी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच दारातून आवाज आला.

"दुसरीच्या नावावर मी सुई टोचू?" सिस्टर आत आल्या. मान ताठ होती. "डॉक्टर, आयुष्यभर मी जे केलं त्याखाली माझी सही आहे. चुकलं तेव्हाही माझीच होती. आता म्हातारपणी चोरासारखी काम करणार नाही. ही म्हणते ते बरोबर आहे."

एवढं बोलून त्या मुलीकडे वळल्या. "नवीन नोंदणी मिळवायला काय करावं लागतं?"

"लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक. अर्जाची मुदत अजून आहे."

"मग बघत काय बसलीस? काढ अर्ज."

महिना संपेपर्यंत सिस्टरांनी नव्या सिस्टरला सावलीसारखं बरोबर फिरवलं. त्या शिकवायच्या, डायलिसिसची शीर डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधायची. कातडीखाली ती मांजरासारखी गुरगुरते, तिथे थांबायचं. पोरगी हुशार होती, पण मोठ्या सिस्टर बाजूला असल्या की तिच्या हातांना घाम फुटायचा.

एक तारीख उजाडली आणि नेमका त्याच सकाळी नेहमीच्या पेशंटपैकी टेलर मास्तरांचा नंबर होता. त्यांच्या हाताची शीर खोल आणि वळणाची. साथ सुरू झाल्यापासून ती फक्त मोठ्या सिस्टरांना सापडायची. सिस्टर त्या दिवशी साध्या कपड्यांत आल्या होत्या, ऑफिसात अर्जावर सही करायला. काचेच्या दारातून मास्तरांनी त्यांना पाहिलं आणि हाक मारली, "सिस्टर, या ना! ही पोरगी माझी चाळण करील."

नव्या सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. सगळा हॉल दाराकडे बघायला लागला. डॉक्टर हळूच मुलीला म्हणाले, "एकदाच टोचू द्या. एवढ्याने काय होतंय?"

मुलीने आईकडे पाहिलं. आईला अडवायची वेळच तिच्यावर आली नाही.

सिस्टर आत गेल्या, नातेवाइकांचं स्टूल ओढलं आणि मास्तरांच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. त्यांचा मोकळा हात आपल्या हातात घेतला. "मास्तर, नव्या कारागिराच्या हातात पहिलं कापड तुम्ही कधी दिलंच नाही का?"

"दिलं. पण ते कापड ओरडत नव्हतं."

"मग तुम्हीही ओरडू नका."

हॉलमध्ये हशा पिकला. नव्या सिस्टरचे खांदे जरा सैल झाले. पहिली सुई चुकली. मास्तरांनी दात आवळले, पण चकार शब्द काढला नाही. सिस्टरांची बोटं स्टुलाच्या कडेवर घट्ट आवळली गेली होती, तरी त्यांनी नव्या सिस्टरला ना खूण केली, ना काही सुचवलं. पोरीने डोळे मिटले, पुन्हा बोटांनी चाचपलं, थांबली, आणि सुई सरळ आत गेली. नळीत लाल रंग चढला.

"गुरगुरली," पोरगी आनंदाने म्हणाली.

सिस्टर उठल्या आणि बाहेर आल्या. ऑफिसात आल्यावर मुलीला म्हणाल्या, "बघितलंस? मी तयार केलेली आहे ती." आणि मग डोळे पुसले.

पुढचे आठवडे घरात उलटाच कारभार चालला. आई पुस्तकं घेऊन बसायची आणि मुलगी प्रश्न विचारायची. जुन्या मात्रा बदलल्या होत्या, यंत्रं बदलली होती. सिस्टर चिडायच्या, पुस्तक आपटायच्या, पुन्हा उघडायच्या. लेखी परीक्षेला आजूबाजूला सगळ्या विशीतल्या मुली. एकीने विचारलं, "आजी, मुलीला सोडायला आलात?"

"नाही गं," सिस्टर म्हणाल्या, "मुलगी मला सोडायला आलीये."

निकाल यायच्या आधी तपासणी पथक आलं. साथीच्या सवलती कुठे कशा वापरल्या, हे खातं सगळीकडे बघत होतं. गावातल्या सर्वात मोठ्या केंद्रात निवृत्त परिचारिका मुदत संपल्यावरही काम करताना सापडल्या आणि परवानग्या नीट होईपर्यंत ते केंद्र बंद ठेवण्यात आलं. इथे तपासणीस बाईंनी मुलीचे कागद चाळले, कामाच्या नोंदी चाळल्या, आणि चष्मा काढून विचारलं, "हा क्रमांक वगळलाय हे बहुतेकांच्या लक्षातच आलं नाही. तुमच्या कसं आलं?"

"मी क्रमांक शोधत नव्हते," मुलगी म्हणाली, "माणसं शोधत होते. त्यात माझी आई सापडली नाही."

तपासणीस बाईंनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची ही पद्धत मला इतर केंद्रांना सांगायची आहे. हरकत नाही ना?" डॉक्टर शेजारीच उभे होते. त्यांनी त्या दिवसापासून मुलीने लेखी मागितलेल्या कुठल्याच गोष्टीला नाक मुरडलं नाही.

सिस्टर पास झाल्या, चांगल्या गुणांनी. नवी नोंदणी हातात आली त्या सकाळी त्या कडक इस्त्रीचा गणवेश घालून हॉलमध्ये शिरल्या. त्या बंद पडलेल्या केंद्राचे पेशंट आता इकडे येत होते, त्यामुळे एक जादा पाळी सुरू झाली होती आणि बेड रिकामा राहत नव्हता.

पहिल्याच बेडवर तिकडून आलेल्या एक वयस्कर बाई होत्या, घाबरलेल्या. हात पुढे करायलाच तयार नव्हत्या. "तिकडेही सगळं छान आहे म्हणायचे हो. एक दिवस गेले तर दाराला कुलूप. इथे तसं नाही ना होणार?"

सिस्टरांनी काचेपलीकडे ऑफिसात बसलेल्या मुलीकडे बोट दाखवलं. ती फोन खांद्यात धरून कुणाकडून तरी काहीतरी लेखी मागत होती.

"ती दिसते ना, ती माझी मुलगी," त्या पूर्ण हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मुदत संपली म्हणून तिने सख्ख्या आईला घरी बसवलं होतं. ती या दाराला कुलूप लागू देईल होय? द्या बघू हात."

बाईंनी हात पुढे केला.