डाव्या कानामागचे केस

मामीच्या डोक्याकडे बघून माझंच डोकं फिरलं. उजवीकडे केस सरळसोट, मानेपर्यंत निपचित पडलेले. डावीकडे कानापासून मागेपर्यंत नुसता फुगलेला गुंता. हात घातला तर बोटं अडकून बसली.

"हे काय करून ठेवलंयस?"

"केस सरळ करायचं रिलॅक्सर लावलं. घरीच," मामी म्हणाली.

"घरीच! आणि मी इथे केसांचं दुकान काय माशा मारायला उघडलंय?"

"तुझं आपलं एकच, अजून थांब, अजून थांब. उद्या शनिवार आहे, एबेले. किती थांबू?"

उद्या ओबिओरा मामांना जाऊन वर्ष होत होतं. मामीचे सुतकाचे काळे कपडे उतरणार होते, आणि ती उघड्या डोक्यानं सगळ्या भावकीसमोर उभी राहणार होती. वर्षभर तिच्या मनात दुसरं काही नव्हतंच. मामा गेले तेव्हा मामांच्या घरच्या लेकी रीतीप्रमाणे गावोगावच्या सासरांहून आल्या आणि त्यांनी मामीचं डोकं भादरलं. खांद्यावर रुळणारे केस होते तिचे. ब्लेड हातात घेतलं थोरल्या लेकीनं, आणि ती थोरली लेक म्हणजे माझी आई. आता सांगा, मी कुणाच्या बाजूनं बोलायचं?

"रिलॅक्सर लावायच्या आधी डोकं खाजवलं होतंस?"

"नाही."

"मामी!"

"जरासं."

"जरासं म्हणे! अगं, शाळकरी पोरीलाही कळतं. खाजवलेल्या जागी ते क्रीम लागलं की आग होणार, मग तू नळाकडे पळणार, आणि केस सरळ व्हायच्या आतच सगळं धुऊन टाकणार."

"तेच झालं," मामी शांतपणे म्हणाली. "डावीकडे अशी आग झाली की डोळ्यांपुढे मामा दिसले तुझे. डावीकडचं धुतलं आणि पाणी गेलं."

"म्हणजे उजवीकडे ते तसंच राहिलं?"

"शेजारणीकडून बादली येईपर्यंत."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे एकीकडे कच्चं, दुसरीकडे करपलेलं. या एनुगु शहरात एवढी डोकी माझ्या हाताखालून गेली, पण सगळ्यात जास्त छळलं ते घरच्याच डोक्यानं.

"मग आता डावीकडे परत लाव की," मामी म्हणाली.

"भाजलेल्या कातडीवर? जमणार नाही. काही आठवडे तरी त्याला हात लावायचा नाही. एक तर सगळे आखूड कापू..."

"कात्री काढलीस तर मी उठून जाईन."

"माहीत होतं! तर मग सगळ्या डोक्याला बारीक रोलर लावायचे. सरळ आहेत त्यांनाच कुरळं करायचं, म्हणजे डावीकडच्यांत मिसळून जातील."

"मी वर्षभर केस वाढवले ते कुरळे करायला? मला जशी होते तशीच उभं राहायचंय उद्या. त्या बायकांपुढे. सरळ केसांत."

"मग जा अशीच! अर्धी सरळ, अर्धी वाकडी!"

तेवढ्यात माझी आई आत आली. आमच्या या वैतागात तिचीच काय ती उणीव होती. एका हातात वाफवलेल्या पिठाच्या गरम ओक्पाची पुडी, दुसऱ्या हातात पिशवी.

"हां, आमची बायको इथे आहे होय!" आई म्हणाली. भावाच्या बायकोला आमच्याकडे सगळं घर 'आमची बायको' म्हणतं आणि हक्कही तसाच गाजवतं. तिनं पिशवीतून पांढरा रुमाल काढून आरशासमोर ठेवला. "उद्या हा डोक्याला बांधायचा. आमचं लेकींचं ठरलंय. काळे कपडे उतरले म्हणून त्याच दिवशी कुणी डोकं मिरवत नाही. आणि हे असलं डोकं? लोक विचारतील, वरून काय पडलं?"

"माझ्या डोक्याचं नेहमी तुमचंच ठरतं, अदा," मामी म्हणाली. थोरल्या लेकीला अदा म्हणतात. मामी हल्ली तो शब्द दातांत धरून उच्चारायची.

"रीत मी काढली नाही."

"ब्लेड तूच धरलं होतंस."

"अगं, मी नाही तर दुसरीनं धरलं असतं! निदान मी हळू..."

"बास!" मी ओरडले. "भांडायचं असेल तर बाहेर जाऊन भांडा. हे दुकान आहे. मामी, बेसिनकडे चल. आणि आई, तू ओक्पा खा. तोंड भरलेलं ठेव."

मामी चडफडत उठली. मी तिचे केस धुतले, रोलरआधी लावायचं चोपडं पाणी लावलं आणि खुर्चीत बसवून फणीनं भाग पाडायला घेतले. रोलरचं तिनं अजून कबूल केलं नव्हतं, पण मी विचारलंही नाही. डावीकडे आले. कानामागे बोटाला काहीतरी टणक लागलं. केस बाजूला केले. लांबट, गुळगुळीत, वर आलेला व्रण होता. भोवती कातडी लाल झालेली आणि नखांचे ओरखडे.

"मामी, हे काय आहे?"

"खाजतं ते," ती म्हणाली. "वर्षभर खाजतंय. म्हणून तर खाजवलं."

"पण झालं कशानं?"

मामीची नजर मागे गेली. आरशात मला आई दिसली. तिचा ओक्पाचा घास हातातच राहिला होता. ती उठून आली, खाली वाकली, आणि तो व्रण बघत राहिली.

"ब्लेड जुनं असेल," आई म्हणाली.

"नवंकोरं होतं, अदा. मीच आणलं होतं दुकानातून. तूच पाठवलं होतंस मला. नवरा आत पडलाय, आणि मी काउंटरवर ब्लेड मागतेय."

मला वाटलं, आता आई फाडकन बोलेल. आयुष्यात तिनं कधी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. पण ती तशीच वाकून उभी राहिली.

"लागलं तेव्हा ओरडली का नाहीस?"

"तू रडत होतीस. हात थरथरत होता तुझा. ओरडले असते तर अजून कापलं असतं."

आईनं बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. मग विचारलं, "दुखतं?"

"सांगितलं ना, खाजतं."

मला एकदम भरून आलं आणि त्याचा रागही आला. वर्षभर दोघी माझ्या डोक्यावर बसून एकमेकींची गाऱ्हाणी सांगत होत्या, आणि ही एवढी गोष्ट एकीनंही सांगितली नव्हती. मी रोलरची टोपली आईच्या हातात कोंबली. "उभीच आहेस तर एकेक देत जा. सगळ्यात बारीक, पिवळे."

मामीनं पिवळा रोलर बघितला. आता ती भांडेल म्हणून मी वाट बघितली.

"लाव," ती म्हणाली. "पण डावीकडे घट्ट ओढू नकोस."

आई रोलर देत गेली, मी गुंडाळत गेले. डावीकडे आले की आई म्हणायची, "सैल. अजून सैल." मला माझं काम शिकवत होती! मी दात ओठ खाऊन ऐकून घेतलं. शेवटचा रोलर लावून मामीला ड्रायरखाली बसवलं, आणि नेमकी लाइट गेली. जनरेटरची दोरी ओढून ओढून माझा खांदा निखळला. टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता.

"झालं! आता उद्यापर्यंत रोलर डोक्यावरच ठेवून झोप, मामी. वरून काहीतरी बांधायला हवं, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात."

मी शोधाशोध करू लागले. आईनं आरशासमोरचा तो पांढरा रुमाल उचलला, झटकला, आणि मामीच्या डोक्यावर रोलरवरून बसवला. गाठ मारायला तिला वेळ लागला. डाव्या कानाला कापड लागणार नाही अशी, उजवीकडे ओढून मारली.

"उद्या सकाळी मीच येऊन सोडीन," ती म्हणाली. "मग उघड्या डोक्यानं चल माझ्याबरोबर. बाकीच्या लेकींना काय सांगायचं ते मी बघते."

मामीनं आरशातून तिच्याकडे बघितलं.

"ये," ती म्हणाली. "पण या वेळी रिकाम्या हातानं ये, अदा."

"बरं," आई म्हणाली, आणि खाली बसून गुंडाळताना जमिनीवर पडलेले रोलर गोळा करू लागली.