पलीकडचं टोक

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कोणीही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवलात तर माझी अब्रू जाईल. जन्मभर थापा मारून कमावलीय ती, अशी तशी नाही.

बाहेरच्या खोलीत मी ही सुरुवात केली तेव्हा माझ्या बहिणीनं कपाळावर हात मारला.

"दादा, आज तरी नको. पोराला मातीत ठेवून परवा तर आलास."

"म्हणूनच," मी म्हणालो.

समोर चर्चचे पाळकसाहेब होते, हातातला चहा थंड झालेला. शेजारचा बेकरीवाला होता. त्यानं आणलेले पाव कोणी फोडले नव्हते आणि तोच बिचारा त्यांच्याकडे बघून कानकोंडा झाला होता. आतल्या खोलीचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. आत माझी सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझा मुलगा, आमचा लांब्या, चर्चच्या छपरावरून पडून गेला. ती बातमी आल्यापासून तिच्या तोंडून शब्द नाही, डोळ्याला टिपूस नाही. पाणीसुद्धा कोणी पाजलं तर. डॉक्टर म्हणाला, हिला बोलती करा, नाहीतर हीपण हातची जाईल. समजावून झालं, विनवून झालं, उशाशी बसून प्रार्थना झाल्या. मला येतं काय? शवपेट्या करणं आणि लोणकढी थाप मारणं. पेटी करून झाली होती.

"तर," मी आवाज चढवला, "आमच्या धंद्यात आपल्या घरच्याची पेटी आपण करत नाही. हात चुकतो. दुसऱ्या सुताराला सांगायचं असतं. मी सांगितलं नाही. आणि चुकलाच हात. माप न घेता नजरेनं फळ्या कापल्या, पेटी वीतभर लांब निघाली. बापाच्या नजरेला पोरगा असतो त्याहून उंच दिसतो."

"पाय ताणून झोपायची सवयच होती लांब्याला," बेकरीवाला पुटपुटला.

"मध्ये बोलू नकोस. अजून थाप सुरू व्हायचीय. पेटीच्या बाजूची फळी खांद्यापाशी वळवावी लागते. आतून करवतीचे अर्धवट काप घ्यायचे, त्यांवर किटलीतलं उकळतं पाणी सोडायचं आणि दोन्ही टोकं धरून हळूहळू वाकवायची. दोघांचं काम. आणि माझा दुसरा माणूस म्हणजे लांब्याच. मी एक टोक धरून उभा, पलीकडे कोणी नाही. तेव्हा मी देवाला शिव्या घातल्या. पाळकसाहेब, कान झाका. म्हटलं, छप्पर तुझं गळत होतं. तुझ्याच कौलांवर चढला होता माझा पोरगा. एक हात देता येत नव्हता तुला?"

पाळकसाहेबांनी कान झाकले नाहीत. "मग?"

"मग तो आला."

"कोण आला?" बहिणीनं विचारलं.

"कोण म्हणजे? प्रभू. ऐन दुपारी, मागच्या दारानं. भुशावरून चालत आला पण पाऊल उमटलं नाही. माझा रंधा उचलून म्हणाला, पातं बोथट झालंय. म्हटलं, तुम्हाला सुतारकी सोडून दोन हजार वर्षं होत आली, मला नका शिकवू."

बेकरीवाल्याला हसू फुटलं. त्यानं खोकल्याचं सोंग केलं.

"मग तोच प्रश्न मी त्याला तोंडावर विचारला. बाकी सगळे येताना उत्तरं घेऊन आले होते. देवाची इच्छा, देवाचा बेत. याच्याकडे एकही नव्हतं. गेला, पलीकडचं टोक धरलं आणि उभा राहिला."

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. "तो असाच आहे," ते हळूच म्हणाले. "मेलेल्या मित्राला उठवायला कबरेपाशी गेला तेव्हाही आधी रडलाच होता."

"रडला ना. माझ्या दुकानात एवढा रडला की किटली लागलीच नाही. आसवं टपटप त्या कापांत पडली आणि फळी लोण्यासारखी वळली. मी आपला कोरडा ठणठणीत. म्हटलं, आवरा प्रभू, लाकूड कुजेल. पण छातीवरचा दगड त्या घडीला हलला. गेला नाही. हलला. पोरगं मी नुसतं खड्ड्यात टाकणार नव्हतो, कोणाच्या तरी हातात देणार होतो."

बहीण डोळे पुसत होती. "चेहरा कसा होता रे त्याचा?"

"मान वर करायची हिंमत झाली नाही. हात तेवढे दिसले."

आतला पलंग करकरला. बहिणीनं माझं मनगट घट्ट धरलं. मी थांबलो नाही.

"सुताराचे हात, राकट, बोटं ही अशी जाड..."

"खोटं."

सून दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आवाज खरखरीत, ओळखू न येणारा.

"फळी मी धरली होती. पाणी किटलीतलंच होतं. आणि रडत तुम्ही होता, बाबा."