निळी बादली आणि उजवा खिसा
टेलरकाकू दुकानात मधोमध स्टुलावर बसलेल्या, पाय निळ्या बादलीत. भोवती ही गर्दी. शेजारचा सलूनवाला तर गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून आलेला.

काकूंना मोबाइलवर एक वेबसाइट सापडली होती. खास निळ्या बादलीत गार पाणी घेऊन तासभर पाय बुडवले की म्हणे ब्लडप्रेशर पायातून पाण्यात उतरतं. पाणी कोमट झालं की समजायचं, उतरलं. लाल बादली घेतली तर उलटं वर चढतं. सलूनवाल्यानं बोट बुडवलं आणि कोमट लागतंय म्हणून सगळ्यांना सांगितलं. बायका हात जोडायच्याच बाकी होत्या.

शिलाई मशीनवर बसलेल्या टेलरकाकांना आधी हसू येत होतं. पण काकूंनी चार दिवस गोळ्या बंद केलेल्या, आणि आज सकाळपासून डोकं गरगरत होतं. मग कसलं हसू? दवाखान्यात चल म्हटलं, तर काकू उसळल्या.

"अहो, तुम्हाला मोबाइल उघडता येत नाही, मला काय शिकवताय? डॉक्टरांचा फोटो आहे यात. बरा झालेला पेशंटपण आहे."

"दाखव."

काकांना इंटरनेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शर्टातलं कळत होतं.

"पेशंटचा खिसा उजव्या छातीवर कसा? बटणपट्टीपण बायकांसारखी. फोटो उलटा केलाय. आणि तिसरं बटण बघ, काळ्या दोऱ्यानं टाचलंय. आता डॉक्टरचा शर्ट बघ."

सगळी डोकी मोबाइलवर आदळली. तिसरं बटण, काळा दोरा. डॉक्टरच पेशंट झालेला, वर मिशी लावून.

"मिशी चिकटवलीय, कोपरा सुटलाय," सलूनवाला म्हणाला. तो त्याचा विषय.

मग काकूंनी स्वतःच पान वरखाली केलं. डॉक्टरचं नाव नाही, दवाखाना नाही, पत्ता नाही. 'बादली मागवा' मात्र सात ठिकाणी.

"पण पाणी कोमट झालं ना?" एका बाईनं हळूच विचारलं.

"गार पाण्यात तासभर गरम पाय ठेवले, दुसरं काय होणार?" काका म्हणाले.

काकू पाय पुसून, चपला घालून निघाल्या. दवाखान्यात प्रेशर चांगलंच चढलेलं निघालं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

तर बाबांनो, मोबाइलवर काहीही वाचलंत तर आधी बघा, सांगतोय कोण, विकतोय काय, आणि त्याच्याशिवाय दुसरं कुणी जाणकार तेच सांगतंय का. शर्ट घेताना शिवण उलटून बघता ना? मग जिवाच्या गोष्टीत तरी बघा.