बाहेरचे काही नाही

बाबांचा शेवटचा मेसेज दामूच्या जेवणाबद्दल होता. ‘८ वा. मऊ भात २ चमचे, लाल भोपळा १ चमचा, चिकन ३० ग्रॅम. बाहेरचे काही नाही.’ वाघोलीच्या आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये मी तो वाचला, उत्तरादाखल अंगठा पाठवला आणि तास घ्यायला गेले. तास संपला तेव्हा फोनवर बाबांकडे कामाला येणाऱ्या बायडाबाईंचे नऊ मिस्ड कॉल होते.

दामू हा बाबांचा कुत्रा, तेरा वर्षांचा स्पिट्झ. आई गेली त्या वर्षी तो घरात आला. दामोदर हे बाबांच्या ऑफिसातल्या साहेबाचं नाव. “त्या माणसाला एकदा तरी ‘बस’ म्हणायची तीस वर्षांची इच्छा होती,” असं ते येईल त्याला सांगत.

गेल्या वर्षी दामूच्या स्वादुपिंडाला सूज आली. पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर ठेवून तो तसाच थांबून राहायचा. बाबांना आधी वाटलं, खेळतोय. मग उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर शेफालींनी सलाइन लावलं आणि खाण्याचा कागद लिहून दिला. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. मऊ भात, पाण्यात उकडलेला भोपळा, कातडी आणि चरबी काढलेलं चिकन. तेल, तूप, साय, बिस्किटं, फरसाण पूर्ण बंद.

बाबांनी आयुष्यात कधी अंडंसुद्धा फोडलं नव्हतं. सत्त्याहत्तराव्या वर्षी ते चिकन उकडायला शिकले. गॅलरीत वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं आलं. बायडाबाई मांस साफ करून द्यायच्या आणि बाबा नाकाला रुमाल बांधून ते शिजवायचे. भोपळा आणायला मुकुंदनगरहून चालत मार्केट यार्डात जायचे. “एक फोड? आजोबा, इथं पोतं घ्यायचं असतं,” असं एक व्यापारी म्हणाला, तर “पोतं खाण्याएवढा तो मोठा झाला की येतो,” असं सांगून आले.

तरीही दामू पुन्हा आजारी पडला, आणि चार महिन्यांनी तिसऱ्यांदा. त्या तिसऱ्या वेळी मी बरोबर होते. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, “काका, तेल, तूप, ताटातलं काही?”

“नाही.”

“चुकून? कोणी पाहुण्यांनी?”

“माझ्या घरी पाहुणे येत नाहीत. तुमचा कागद फ्रिजवर लावलाय. त्याच्याबाहेर काही नाही.”

डॉक्टरांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं. मला ते उलटं वाचता आलं. ‘घरचे नाही म्हणतात.’

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, “बाबा, खोटं बोलू नका. तुम्ही चहाबरोबर खारी खाता, तो समोर बसलेला असतो.”

“मी खोटं बोलतो असं वाटतं तुला?”

“रिपोर्ट दिसतोय मला. वाटण्याचा प्रश्न नाही.”

ते दामूला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिले. घरी पोचल्यावर मी त्यांना सांगितलं की यापुढे दामूला काय दिलं ते प्रत्येक वेळी मला लिहून पाठवायचं. चाळीस वर्षं शिकवण्यात गेलेल्या माणसाच्या आवाजात मी ते सांगितलं असणार, खरं तर माझी शिकवण्यात तेव्हा सोळाच वर्षं झाली होती. त्यांनी मान हलवली. त्या संध्याकाळपासून मेसेज यायला लागले. दिवसाला चार, अकरा आठवडे. प्रत्येकाच्या शेवटी तेच वाक्य.

रविवारी मी जायची. फ्रिज उघडून बघायची, डबे बघायची, दामूचं पोट चाचपायची. बाबा विचारायचे, “जेवून जातेस? वरणभात आहे.” मी म्हणायची, “नको, येरवड्याला ट्रॅफिक लागेल.”

एकदा म्हणाले, “परीक्षक बाई, पास झालो का?” मी हसले नाही.

बाबांना जाऊन चौथा दिवस होता. दामूने त्या सकाळच्या आठनंतर काही खाल्लं नव्हतं. मी वाडगं समोर ठेवायची, तो उठून यायचा, समोर बसायचा, वाडग्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. पुन्हा वाडग्याकडे. तोंड मात्र लावायचा नाही. मी चिकन बारीक कुस्करलं, कोमट केलं, बोटावर घेऊन त्याच्या ओठाला लावलं. त्याने मान वळवली.

डॉक्टर शेफालींनी दोनदा सलाइन दिलं. सोनोग्राफी केली. “सूज आहे, पण फार नाही,” त्या म्हणाल्या. “उलटी नाही, दुखणंही कमी आहे. तो का खात नाही ते मला त्याच्या पोटात सापडत नाहीये. पण आता पोटात अन्न जायलाच हवं. आज संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर उद्या ॲडमिट करून नाकातून नळी घालू. या वयात, या हृदयाला ते किती झेपेल, सांगता येत नाही.”

बाबांच्या घरी परत आले तेव्हा साडेबारा वाजले होते. बायडाबाई माझ्यासाठी भात लावत होत्या. तीन दिवस मी शेजारच्यांकडून आलेली खिचडी डब्यातूनच उभ्या उभ्या खात होते, ते त्यांना आवडलं नव्हतं. मी दामूचं वाडगं भरून खाली ठेवलं. तो आला, बसला. वाडग्याकडे, मग माझ्याकडे.

“खा रे,” मी म्हणाले. “खा ना रे बाबा. आता दुसरं कोणी राहिलं नाहीये माझं.”

बायडाबाई ओट्यापासून वळल्या. “त्यो वाट बघतोय ताई.”

“बाबांची. माहितीये मला.”

“सायबांची तर हायच. पर तुपाची बी बघतोय.”

“कशाची?”

“अवो, सायेब त्याच्या भातावर धार धरायचे न्हाई का? ती धरल्याबिगर त्यो तोंड घालत न्हाई. शिकवलंय तसं त्याला.”

मी वाडग्यातल्या कोरड्या भाताकडे पाहिलं.

आमच्या घरात पान वाढून झालं की भातावर तुपाचे चार थेंब सोडतात. त्याला अन्नशुद्धी म्हणतात. त्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही. आई सोडायची, तिच्यानंतर बाबा. ते तूप खाणं नव्हे. तूप वेगळं, ते वाटीत असतं, हवं तर मागून घेतात, डॉक्टरांनी बंद केलं तर बंद करतात. बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हा त्यांनी तूप सोडलं होतं आणि सगळ्यांना तसं सांगितलंही होतं. अन्नशुद्धी तेव्हाही चालूच होती. मीसुद्धा तेव्हा त्यांच्यासमोर ताटावर बसून म्हणाले होते की बाबांनी तूप सोडलं ते बरं झालं.

“रोज?” मी विचारलं.

“येळच्या येळी. मला बी सोडायचे की भातावर. म्हनायचे, पानावर बसलेल्याला कोरडा भात वाढू ने. आन् दामूच्यात तर कोंबडी. म्हनायचे, बायडाबाई, याला शुद्धीची गरज आपल्यापरीस जास्ती.” त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसले. “का वो ताई? त्याचं काय वाईट झालं व्हय?”

“नाही,” मी म्हणाले. “काही नाही.”

वाईट झालं होतं की नाही ते आता कोण सांगणार? चार वेळा चार थेंब, नऊ किलोचा म्हातारा कुत्रा. नंतर डॉक्टर म्हणाल्या, त्यानेच झालं असेल असं नाही, आणि नसेल असंही नाही.

मी ओट्याकडे गेले. तुपाचं भांडं फळीवर नेहमीच्या जागी होतं, त्यात आईची छोटी चांदीची पळी. ती काढली. गरम पाणी आणि साबण घेऊन दोनदा धुतली, वास घेऊन पाहिला, पुन्हा धुतली, कोरडी केली. मग दामूच्या समोर बसून रिकामी पळी वाडग्यावर धरली आणि बाबा करायचे तशी कलती केली.

दामूने पळीकडे पाहिलं. शेपटी एकदा जमिनीवर घासली. मग मान खाली घालून त्याने भाताला तोंड लावलं. थांबला. पुन्हा लावलं. चार-पाच घास गेले असतील. वाडगं पुढे सरकत होतं, ते मी हाताने धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नळीची गरज पडली नाही. डॉक्टर शेफालींना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि केसपेपरवर लिहायला पेन उचललं. मी म्हणाले, “मागच्या वेळी तुम्ही लिहिलंय, ‘घरचे नाही म्हणतात.’ ते तसंच राहू दे. त्यांचं ‘नाही’ खरं होतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाली फक्त तारीख आणि ‘तूप, थेंबभर, रोज’ एवढं लिहिलं.

पण हे मी डॉक्टरांना सांगितलं, बायडाबाईंना सांगितलं. ज्यांना सांगायचं होतं ते माझ्या मनात अजून त्या दिवशीच्या गाडीत दामूला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसलेत, आणि मी गाडी चालवतेय.

अकरा आठवडे मी त्या घरात बाहेरचं काय येतं ते शोधत होते. एका रविवारी, फक्त एका, वरणभाताला बसले असते तर माझ्या डोळ्यांसमोर बाबांनी आधी माझ्या भातावर, मग वाकून दामूच्या भातावर पळी धरली असती. मी ओरडले असते, ते चमकले असते, म्हणाले असते, “अगं, पण हे कुठे तूप आहे?”

“ताई, भात निवतोय,” बायडाबाई म्हणाल्या. क्लिनिकमधून मी आणि दामू नुकतेच परतलो होतो.

मी खाली बसले, दामूच्या शेजारी, बाबांच्या जागेवर. बायडाबाईंनी मला वाढलं. दामू आमच्याकडे बघत थांबला होता. मी रिकामी पळी उचलली.