कोशातला पतंग जेवत नाही

सुहासिनीनं साखरपाण्यात भिजवलेला कापूस जाळीच्या पेटीत सरकवला. लिंबाच्या झाडावर वाढलेल्या फुलपाखरानं लगेच सोंड उलगडली. शेजारी मंडल्याहून आणलेल्या रेशीमकोशातून निघालेला पतंग होता, चांगला तळहाताएवढा. तो मात्र ढिम्म बसून राहिला. उद्या शाळेत मुलींना दोघांतला फरक दाखवायचा होता. एकाच्या मिशांना टोकाशी गाठ, दुसऱ्याच्या मिशा पिसासारख्या; एक दिवसा हिंडतं, दुसरा रात्री.

मागे टेबलावर सासऱ्यांच्या ताटात पोळी आजही तशीच होती. नागपूरहून महाराजपूरच्या या घरी आल्यापासून अंबादासरावांचं हेच चाललं होतं. वाटीभर वरण प्यायचं, पोळीला शिवायचं नाही, आणि विचारलं की नव्यानं वाढवलेली दाढी कुरवाळत बसायचं. आपल्या हातचं त्यांना नकोच आहे, असं ती धरून चालली होती आणि ते तिला फार लागलं होतं. नवरा, चंद्रशेखर, "बाबा तसेच आहेत" म्हणून मोकळा झाला होता.

अंबादासराव पेटीपाशी येऊन वाकले.

"हा काहून खाऊन नाही राहिला?"

"तो खातच नाही, बाबा. त्याला खायला तोंडच नसतं. अळी असताना खाल्लेलं असतं, त्यावरच चार दिवस काढतो."

"अच्छा. मले वाटलं, रुसला."

"रुसतात ती माणसं," ती तुटकपणे म्हणाली.

ते पतंगाकडे पाहत राहिले. मग तोंडापुढे हात धरून म्हणाले,

"मी नाही रुसलो, बेटा. खालची कवळी गेली माही. इटारसीले गाडीच्या खिडकीतून चूळ टाकली, तिच्यासंगं गेली. चंद्रशेखरले नको सांगू. तो हसन मले."

सुहासिनीला आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. तिनं पोळी कुस्करून गरम वरणात कालवली, वर तूप घातलं.

"रविवारी इथल्या सदर बाजारात जाऊ, दातांच्या डॉक्टरकडे. आपण दोघंच."

ते मान हलवून ताटापुढे बसले, पण हात पुढे होईना. सुनेच्या देखत बोळक्या तोंडानं चावायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. सुहासिनीनं आपलं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्याकडे पाठ करून जेवायला बसली.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला,

"पोळी आहे का अजून?"

तिनं न वळताच डबा मागे सरकवला.