पहिल्या मजल्यावरची भिंत

ज्याने त्याने आपली ऊब आपण निर्माण करावी, दुसऱ्याच्या उबेवर जगू नये, हे मिस नेटा रँकिन यांचं तत्त्व होतं. आणि एक्क्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात तत्त्वाला त्यांनी कधी मुरड घातली नव्हती. फक्त त्यांचा पलंग ज्या भिंतीला लागून होता, ती भिंत ऑक्टोबर ते मे कोमट असायची.

त्याला इलाज नव्हता. एडिंबरामधल्या त्या दगडी इमारतीत तळमजल्यावरच्या डालगार्नोंच्या बैठकीचं धुराडं नेटाबाईंच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीतून वर जाई. खाली गॅसची शेगडी. शेगडी म्हणजे स्वयंपाकाची नव्हे. खोली तापवायची, भिंतीत बसवलेली, खोट्या कोळशांची. ती आधी म्हाताऱ्या मिसेस डालगार्नोंच्या संधिवातासाठी दिवसभर जळायची आणि त्या गेल्यावर घरून काम करणाऱ्या त्यांच्या मुलासाठी, स्ट्रुअनसाठी. चाळीस वर्षं. एवढ्या काळात नेटाबाईंनी स्वतःचा हीटर म्हणून घेतला नाही. उलट चर्चच्या महिला मंडळात दर जानेवारीला त्यांचं भाषण असे. विषय : ‘एक स्वेटर आणि थोडी शिस्त’. बाया कुडकुडत टाळ्या वाजवायच्या.

नोव्हेंबरात स्ट्रुअनची बायको फिलिपा वर आली. हातात बशीभर शॉर्टब्रेड. दक्षिणेकडची मुलगी, इंग्लंडातली. काही मागायचं असलं की आधी काहीतरी भाजून आणायची.

"मिस रँकिन, तुमची एक सही हवी होती. धुराडं सगळ्यांच्या सामाईकीतलं ना, म्हणून. ती भयानक गॅसची शेगडी काढतोय आम्ही."

"भयानक काय आहे तिच्यात?"

"अहो, खोटे कोळसे! पाहुणे आले की लाज वाटते. आता खरा स्टोव्ह बसवणार. बिडाचा, काचेचं दार, आत लाकडं. शिवाय टॅम म्हणतो, टॅम म्हणजे बसवणारा हो, की त्या शेगडीची अर्धी ऊब धुराड्यातून फुकट जाते. कुणाला ऊब देतोय आम्ही? छपरावरच्या सीगल पक्ष्यांना!"

नेटाबाईंनी शॉर्टब्रेडचा तुकडा मोडला. चाळीस वर्षांत त्यांना कुणी सीगल म्हटलं नव्हतं.

नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. कारण एकच होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी सही केली. वर ‘पूर्ण सहमत’ असंही लिहिलं. कुणी विचारलं नसताना.

त्या रात्री भिंतीला पाठ लावून त्या बराच वेळ जाग्या होत्या. थंडीची भीती नव्हती असं नाही. पण थंडीत माणूस मरतं, त्यात लाजिरवाणं काही नसतं. हीटर विकत घेणं म्हणजे तो खोका सगळ्या जिन्यादेखत वर चढणार. दुसऱ्या दिवशी मंडळातल्या बाया विचारणार, ‘का हो नेटाबाई, स्वेटर विरला वाटतं?’

आठवड्याने टॅम बेव्हरिज आला. जाडजूड, एका गुडघ्याने अधू, जिन्याच्या प्रत्येक पायरीला शिवी देणारा. त्याने नियम समजावला. जुन्या धुराड्यात धुराची वडी पेटवायची, वरचं तोंड बंद करायचं आणि वरच्या घरांत भिंतीतून धूर येतो का बघायचं. येत नसेल, तर धुराडं धड.

"प्रत्येक घरात मी स्वतः जाऊन बघतो, आजी. नियमच आहे तसा."

"मी कुणाची आजी नाही. आणि माझ्या झोपायच्या खोलीत आजवर पुरुष आलेला नाही."

टॅमने एकदा गुडघ्याकडे पाहिलं, एकदा स्ट्रुअनकडे.

"जाऊ दे टॅम," स्ट्रुअन म्हणाला. "आमच्या पाळीला जिन्याची एक पायरी धुवायची राहिली तरी आमच्या दाराला चिठ्ठी लावतात त्या. त्यांनी सांगितलं म्हणजे शपथेवर सांगितल्यासारखं."

सर्वात वर कॉलेजची पोरं राहायची. तिथे टॅम जाऊन आला. तिथला धूर मुलांचा स्वतःचा होता, भिंतीचा नव्हता. मग तो पहिल्या मजल्याच्या दारात उभा राहून ओरडला, "काय बाई? येतोय का काही?"

नेटाबाई भिंतीला नाक लावून उभ्या होत्या. भिंतीला शिळ्या वॉलपेपरचा वास येत होता आणि थोडा त्यांच्या स्वतःच्या केसांच्या तेलाचा. दुसरं काही नाही. धुराडं गळतंय असं कळलं, की स्टोव्हचा बेत बारगळेल; खोट्या कोळशांची शेगडी जागच्या जागी राहील. हिशोब अगदी साधा होता.

"येतोय," त्या म्हणाल्या. "धूर. चांगला वास येतोय."

"नक्की?"

"मी चाळीस वर्षं शाळेत शिवण शिकवलंय, मिस्टर बेव्हरिज. मला धूर कळतो."

शिवणाचा आणि धुराचा संबंध कुणी विचारला नाही.

पंधरा मिनिटांनी फिलिपा धावत वर आली आणि तिने नेटाबाईंना मिठी मारली. एडिंबरात जिन्यावर कुणी कुणाला मिठी मारत नाही.

"तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं! नाहीतर विषारी वायू तुमच्या खोलीत आला असता आणि आम्हाला पत्ताही नसता. स्ट्रुअनला म्हटलं, काटकसर नको. आता वरपासून खालपर्यंत पोलादी नळी घालणार आणि तिच्याभोवती ते दाणे ठासून भरणार. ऊब अडवणारे. तुमच्यासाठी!"

"म्हणजे स्टोव्ह बसणार?"

"बसणार तर! आता तर अगदी सुरक्षित."

टॅम मागून धापा टाकत आला. "एक कण बाहेर येणार नाही बाई. ना धुराचा, ना उबेचा. भिंत अशी गार राहील की लोणी ठेवा."

नेटाबाई हळूच म्हणाल्या, "मला जरा सर्दीच आहे. नाकाचा काही भरवसा नाही. पुन्हा एकदा बघितलंत तर..."

"छे छे!" फिलिपा म्हणाली. "जिवाशी खेळ नको."

"आणि धूर आला नसता, तर?"

"मग काय," टॅम म्हणाला, "स्टोव्ह सरळ जुन्या धुराड्याला जोडला असता. नळी नाही, काही नाही. हा स्टोव्ह शेगडीपेक्षा कडक जळतो. तुमची भिंत भट्टीतून काढलेल्या पावासारखी गरम झाली असती."

नेटाबाईंनी आभार मानले. मानावेच लागले.

डिसेंबरात स्टोव्ह पेटला, तेव्हा त्यांना खाली बोलावलं होतं. काचेमागे लाकडं सुंदर जळत होती. नेटाबाईंचं तोंड भाजलं, पाठ गारच राहिली. मग डालगार्नोंच्या लक्षात आलं की लाकडं वाहून आणावी लागतात आणि राख काढावी लागते, म्हणून ते फक्त रविवारी पेटवू लागले. स्ट्रुअनने टेबलाखाली एक छोटा विजेचा हीटर ठेवला. पाहुणे आले की तो सोफ्यामागे जाई.

जानेवारीत नेटाबाईंचं भाषण झालं. तीन स्वेटर, वर कोट. बोलताना दोनदा खोकल्या. कोटाबद्दल कुणी विचारलं नाही. सभागृहात सगळ्यांच्याच अंगावर कोट होते.

फेब्रुवारीत कामाचा दाखला आला. सही करणाऱ्या प्रत्येकाला एक प्रत द्यायची म्हणून स्ट्रुअनने तो न वाचताच त्यांच्या दारातून आत सरकवला. नेटाबाईंनी पलंगात, लोकरीची टोपी घालून वाचला. नळी सोडण्यापूर्वी टॅमने धुराड्यात कॅमेरा सोडला होता. पण तोवर नळी कापून आणलेली होती आणि कापलेली नळी दुकानदार परत घेत नाही. शेरा छोटा होता. जुनं धुराडं : तडा नाही, गळती नाही.

शेऱ्याखाली नळीची हमी दिली होती. पंचवीस वर्षांची.